व्हाईट नॉइज मशीन: नऊ महिन्यांचा वापर आणि एकदा गेलेली लाईट

कोथरूडला जुन्या सोसायटीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये माझी समुपदेशनाची प्रॅक्टिस आहे. आतली खोली सेशनची, हॉल थांबणाऱ्यांचा, मध्ये एक दार. व्हाईट नॉइज मशीन, म्हणजे सतत एकसुरी आवाज करत राहणारं छोटं यंत्र, घेतलं ते या दारासाठी. ३,२०० रुपये, म्हणजे माझ्या जवळजवळ तीन सेशनची फी. बाकी फीचर्स सगळीकडे लिहिलेली आहेत, त्यात जात नाही.

सात महिने मी त्याचं कौतुकच करत होते. फक्त ते ठेवायचं दाराबाहेर, ऐकणाऱ्याच्या बाजूला. ते आवाज अडवत नाही. बाहेर बसलेल्याच्या कानाशी एकसारखी सळसळ राहते, त्यामुळे आत कुणी बोलतंय एवढं कळतं, शब्द लागत नाहीत. मशीनमधला पावसाचा आवाज मात्र लावू नका. सर ओसरली की नेमकं तेवढं वाक्य बाहेर येतं.

मग जून आला. पुढचं त्या क्लायंटची परवानगी घेऊन लिहिते आहे, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. मुलगी आत, आई हॉलमध्ये. लाईट गेली, मिनिटभरात आली. पंखा फिरू लागला, ट्यूब लागली, आम्ही बोलत राहिलो. मशीन मात्र बंदच राहिलं. त्याला टच बटण आहे. लाईट आली तरी कुणी बोट लावल्याशिवाय ते सुरू होत नाही. वीस मिनिटांनी दार उघडलं, तर आईंच्या मांडीवरचा मोबाईल उलटा पडलेला आणि डोळे भरलेले. मुलीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

पुढच्या आठवड्यात ती आली नाही. मी फोन करून काय झालं ते सरळ सांगितलं, माफी मागितली. तीन आठवड्यांनी आली, तेव्हा पहिली पंधरा मिनिटं तिची नजर दारावरून हलत नव्हती. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क लिहिलेला आहे. पण त्या पंधरा मिनिटांत मला कलम आठवत नव्हतं, तिची नजर दिसत होती.

कंपनीला तीन मेल केले. उत्तर एकच: ‘मॅडम, प्रॉडक्ट झोपेसाठी आहे, फॉल्ट नाही.’ ही यंत्रं मुळात झोपेसाठीच निघाली, हे मान्य. १९६२ साली अमेरिकेत आलेल्या जुन्या यंत्रात आत चक्क छोटा पंखा होता. पण माझ्या खोक्यावर ‘ऑफिस प्रायव्हसी’ असं ठळक छापलंय, त्याचं काय? भांडून बदलून घेतलं, नवीनही तसंच निघालं.

परत करायचंच ठरवलं होतं. त्याआधी एका रविवारी मशीन बंद ठेवून मैत्रिणीला आत पेपर वाचायला बसवलं आणि मी आईंच्या खुर्चीत बसले. अग्रलेखाचा शब्द न् शब्द ऐकू आला. खाली वाकून पाहिलं तर दाराखाली बोटभर फट. सुताराने चौकटीला रबरी पट्टी आणि दाराला खालून सील बसवलं, ९०० रुपये. पुन्हा वाचायला लावलं, तेव्हा मशीन बंद असूनही निम्मे शब्द विरले. फटीचं काम मी इतके महिने मशीनवर सोडलं होतं, याचं वाईट वाटतं. खोली घेतली त्याच दिवशी सुतार बोलवायला हवा होता.

मशीन ठेवलंय. राउटरला लावतात तसा यूएसबीचं तोंड असलेला छोटा यूपीएस १,२०० ला आणला, त्यावर चालतं. खुर्ची दारापासून उचलून गॅलरीजवळ नेली, त्याला पैसे पडले नाहीत आणि फरक सगळ्यात जास्त पडला. पाचपैकी तीन तारे. कापलेले दोन्ही त्या टच बटणाचे.

प्रॅक्टिससाठी घेणार असाल तर दुकानातच मशीन सुरू करून भिंतीवरचं बटण बंद करा, पुन्हा चालू करा. आपणहून वाजायला लागलं तरच पैसे द्या.