‘ब्रेकिंग डॉन’: शेवटचे प्रकरण नसलेली प्रत

स्टेफनी मायर यांच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेतील चौथी आणि समारोपाची कादंबरी ‘ब्रेकिंग डॉन’ मी दोनदा वाचून संपवली आणि दोन्ही वेळा ती वेगवेगळ्या ठिकाणी संपली. २ ऑगस्ट २००८ रोजी ती प्रकाशित झाली तेव्हा एकट्या अमेरिकेत पहिल्याच दिवशी तिच्या सुमारे १३ लाख प्रती खपल्या. मी त्या वेळी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि साडेसातशे पानांचे ते जाडजूड पुस्तक पूर्ण किमतीला घेणे मला परवडणारे नव्हते. पुढे काही महिन्यांनी पदपथावरच्या एका विक्रेत्याकडे ते दीडशे रुपयांत मिळाले. ती प्रत चोरून छापलेली आहे हे कळण्याइतकी मी शहाणी होते, पण घेतली. मुखपृष्ठावर बुद्धिबळाच्या पटावर पुढे उभा असलेला पांढरा वजीर करडा उमटला होता आणि मागचे लाल प्यादे तपकिरी. मुख्य म्हणजे शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा गठ्ठा, बांधणीत राहूनच गेला होता. पाने जिथे संपत होती तिथे योगायोगाने एक प्रकरणही संपत होते, त्यामुळे पुस्तक अपुरे आहे अशी शंकासुद्धा मला आली नाही. व्हॉल्टुरी, म्हणजे व्हॅम्पायरांचे न्यायपीठ, परत गेले, कथा संपली, असे समजून मी ते मिटले आणि पुढची कित्येक वर्षे भेटेल त्याला या शेवटाविषयी तावातावाने बोलत राहिले.

त्या रागातला बराचसा भाग मला आजही योग्य वाटतो. ‘ट्वायलाइट’ (२००५), ‘न्यू मून’ (२००६) आणि ‘एक्लिप्स’ (२००७) या तीन पुस्तकांनी वाचकाला एक हिशेब पाठ करून घ्यायला लावला होता. नायिका बेलाला तिचा प्रियकर एडवर्ड याच्यासारखे, म्हणजे व्हॅम्पायर व्हायचे असेल तर तिला आईवडिलांना कायमचे सोडावे लागेल, मूल कधीच होणार नाही, रूपांतरानंतर निदान वर्षभर तहानेने वेडेपिसे होऊन माणसांपासून दूर राहावे लागेल, लांडग्याचे रूप घेणाऱ्या जेकबची मैत्री तुटेल आणि आत्म्याचे काय होईल हे तर एडवर्डलाही ठाऊक नाही. वाचक म्हणून आम्ही ही उधारी वहीत मांडून घेतली होती आणि चौथ्या पुस्तकात ती चुकती होणार असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात एकेक नोंद कोणीतरी खोडरबराने पुसत गेल्यासारखी नाहीशी होते. वडील चार्ली यांना ‘गरजेपुरते’ सांगितले जाते आणि ते घरी येत-जात राहतात. जिची एवढी धास्ती घातली होती ती तहान बेला पहिल्याच शिकारीत, माणसाचा वास नाकाशी आलेला असताना, लगाम खेचावा तशी आवरते. आणि मूल तर होतेच.

मला सर्वांत जास्त खटकली ती हीच नोंद, आणि तिचे कारण ‘एक्लिप्स’मध्ये आहे. त्या पुस्तकात एका रात्री एडवर्डची मानलेली बहीण रोझाली बेलाजवळ येऊन बसते आणि १९३३ साली रॉचेस्टर शहरात वाग्दत्त वर आणि त्याच्या मित्रांनी तिची काय दशा करून तिला रस्त्यावर टाकून दिले ते सांगते. त्या हकिकतीत क्रौर्यापेक्षाही जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे तिची मैत्रीण व्हेरा हिचा छोटा मुलगा हेन्री, त्याचे कुरळे केस आणि गालावरच्या खळ्या. रोझालीला अमरत्व, सौंदर्य, श्रीमंती सारे मिळाले. तो खळ्यांचा मुलगा मात्र मिळाला नाही आणि कधी मिळणारही नाही, म्हणून ती बेलाला थांबवू पाहते. त्या प्रकरणाचे शीर्षकच ‘दुःखी शेवट’ अशा अर्थाचे आहे. मालिकेत एवढ्या प्रामाणिकपणे मांडलेला दुसरा युक्तिवाद नाही. पुढच्याच पुस्तकात बेलाला मूल देऊन लेखिकेने तो युक्तिवाद खोडून काढलेला नाही, तर त्याला बगल दिली आहे. रोझाली बेलाच्या बाजूने उभी राहते ते केवळ मूल वाचावे म्हणून, आणि तिच्या मनातली ही धार पुस्तक क्षणभर दाखवते. पण बाळ जन्मल्यावर रोझाली हौशी आत्या होऊन पार्श्वभूमीत विरून जाते. बाळाचे नाव रेने आणि एस्मी या दोन आज्यांची नावे जोडून ‘रेनेस्मे’ ठेवलेले आहे, ज्यावर इंग्रजी वाचकांनी पोट धरून हसून घेतले. आपल्याकडच्या बारशांना अशी जोडनावे इतक्या वेळा ऐकली आहेत की मला त्यात हसण्यासारखे फारसे वाटले नाही.

जेकबच्या तोंडून सांगितलेला मधला भाग मात्र या पुस्तकाचा खरा कणा आहे. बेलाच्या गंभीर, उसासे टाकणाऱ्या निवेदनानंतर त्याची चिडकी, तिरकस भाषा खिडकी उघडल्यासारखी वाटते. त्याच्या प्रकरणांची लांबलचक, स्वतःलाच शिव्या घालणारी शीर्षकेसुद्धा मजेदार आहेत. गर्भारपणात बेलाच्या पोटात काही ठरत नाही, हाडांचा सापळा उरतो, कोणाला उपाय सुचत नाही. अशा वेळी जेकबच्या मनात एक कुजका विचार येतो की त्या गर्भाला बहुधा कोणाच्या तरी गळ्यात दात रुतवायचे असतील, आणि मन वाचणारा एडवर्ड तो विचार उचलतो. मग झाकणाच्या पेल्यात नळी घालून बेलाला माणसाचे रक्त दिले जाते, आणि ती लाजत, चोरट्यासारखी कबूल करते की ते चविष्ट आहे. त्या पेल्यावरचे झाकण लेखिकेने विसरू नये याचे मला फार कौतुक वाटते. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या घराची सारी लाज त्या झाकणाखाली आहे.

आणि मग याच जेकबचा जीव त्या नवजात मुलीवर जडतो. लांडग्यांच्या कुळातल्या या अटळ, क्षणात जुळणाऱ्या बंधाला मालिकेत ‘इम्प्रिंट’ म्हणतात आणि त्याचे नियम ‘एक्लिप्स’मध्येच सांगून ठेवले आहेत, त्यामुळे लेखिकेने फसवले असे म्हणता येणार नाही. मूल लहान असेपर्यंत ते नाते केवळ राखणदाराचे असते हेही पुन:पुन्हा बजावलेले आहे. तरीही ज्या मुलाने दोन पुस्तके बेलासाठी झुरण्यात काढली, त्याचे दुःख तिच्या पाळण्यातल्या मुलीकडे वळते करून मिटवणे मला तेव्हाही सहन झाले नाही आणि आजही होत नाही. दुःख भोगून संपले असते तर चालले असते. इथे ते खात्यातून खात्यात वर्ग झाले.

शेवटचा मोठा भाग व्हॉल्टुरींच्या स्वारीची वाट पाहण्यात जातो. रेनेस्मे ही निषिद्ध ‘अमर बालक’ आहे असा इरिना या ओळखीतल्या व्हॅम्पायरचा गैरसमज होतो, ती इटलीला जाऊन तक्रार करते आणि व्हॅम्पायरांचे ते न्यायपीठ आपल्या पूर्ण फौजेनिशी निघते. जगभरातून साक्षीदार गोळा होतात आणि बेला आपल्या मनाभोवतीचे कवच इतरांवर पसरायला शिकते. या साऱ्या जमवाजमवीत मला खरी वाटली ती एकच भीती: सिॲटलमधल्या एका घाबरट वकिलाकडून बेला चोरून खोटी कागदपत्रे करून घेते, पण फक्त जेकब आणि रेनेस्मेची. स्वतःचे आणि एडवर्डचे पारपत्र ती करायलाच टाकत नाही. आपण वाचणार नाही हे एका आईने मनाशी किती शांतपणे ठरवले आहे, ते त्या न केलेल्या दोन पारपत्रांवरून कळते.

आणि एवढे झाल्यावर भविष्य दिसणारी एडवर्डची मानलेली बहीण ॲलिस दक्षिण अमेरिकेतून नाहुएल नावाच्या तरुणाला घेऊन येते. तो रेनेस्मेसारखाच अर्धा मानव, दीडशे वर्षांचा, सातव्या वर्षी पूर्ण वाढलेला. पुरावा समोर उभा राहतो, आरोप गळून पडतो, फौज माघारी फिरते. सुंठीवाचून खोकला गेला. त्या मैदानात जीव जातो तो एकट्या इरिनाचा, तोही लढाईत नव्हे तर चुकीच्या तक्रारीची शिक्षा म्हणून, आणि तिच्यासाठी वाचकाने अश्रू ढाळावेत इतकी ती कधी जवळ आलेलीच नसते. पुस्तकाच्या पहिल्या भागाच्या प्रारंभी एडना सेंट व्हिन्सेंट मिले यांच्या कवितेतल्या ओळी आहेत. बालपण म्हणजे जिथे कोणीच मरत नाही ते राज्य, असा त्यांचा आशय आहे. बेला त्या राज्यातून बाहेर पडणार असे सुचवण्यासाठी त्या घेतल्या असाव्यात. त्याऐवजी शेवटी सगळेच्या सगळे पुन्हा त्याच राज्यात राहायला गेले.

आपल्या व्रतांच्या कहाण्यासुद्धा गोडच संपतात. साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरीं सुफळ संपूर्ण होतेच. पण तिथे नायिका मध्येच उतते, मातते, वसा टाकते, तिचे होत्याचे नव्हते होते, ती रानोमाळ हिंडते, आणि मग गेलेले परत मिळते. सुफळ हा शब्द तिथे कमावलेला असतो. बेलाने घेतलेला वसा कधी टाकलाच नाही, आणि देवाने तिची परीक्षाही फारशी पाहिली नाही. रूपांतराच्या वेळी ती दोन-तीन दिवस आतून जळत असते आणि एडवर्डला त्रास होऊ नये म्हणून तोंडातून हूं की चूं काढत नाही, तेवढी एक वेदना मी तिच्या नावे जमा धरते.

या उणिवेची जाणीव चित्रपट करणाऱ्यांनाही झाली असावी. बिल कॉन्डन यांनी दिग्दर्शित केलेला मालिकेतला शेवटचा चित्रपट २०१२ च्या नोव्हेंबरात आला तेव्हा त्यात बर्फाळ मैदानावर खरोखरीच तुंबळ युद्ध होते, एडवर्डचा मानलेला बाप कार्लाइल याचे मुंडके उडते, ॲलिसचा जोडीदार जॅस्पर जातो, लांडग्यांमधला सेथ जातो. पुस्तक वाचून आलेल्या आम्ही मैत्रिणी एकमेकींचे हात धरून बसलो होतो, कारण यातले काहीही पुस्तकात नव्हते. आणि मग कळते की हे सारे ॲलिसने व्हॉल्टुरींचा म्होरक्या ॲरो याला दाखवलेले भविष्य होते. चित्रपटगृहात क्षणभर शांतता पसरली, मग कोणीतरी मोठ्याने हसले, आणि मागच्या रांगेतून एक अस्सल मराठी शिवी आली. चित्रपटाने युद्ध दिले आणि दिलेले परत घेतले. पुस्तकाने निदान दिलेच नव्हते. मला विचाराल तर पुस्तकाचा मार्ग अधिक प्रामाणिक आहे, जरी तिकिटाचे पैसे चित्रपटाने अधिक वसूल करून दिले.

त्याच चित्रपटाच्या अखेरीला बेला एडवर्डला आपल्या आठवणी दाखवते तेव्हा मला वाटले की हीसुद्धा दिग्दर्शकाचीच भर असणार. घरी परतताना मैत्रिणीने माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिले आणि सांगितले की ते तर पुस्तकात आहे, शेवटचे, एकोणचाळिसावे प्रकरण. तिची प्रत आणून मी ती पाने उभ्याउभ्याच वाचली. शीर्षक होते ‘सुखाने नांदू लागले’ या अर्थाचे. म्हणजे रोझालीच्या त्या ‘दुःखी शेवटा’ला दिलेले उत्तर.

आपल्या छोट्या घरकुलात, रात्री, मूल झोपल्यावर बेला आपल्या मनाभोवतीचे कवच प्रयत्नपूर्वक दूर ढकलते. चार पुस्तके आपल्याला सांगत आली आहेत की एडवर्डला सगळ्या जगाचे विचार ऐकू येतात, फक्त हिचे नाहीत, आणि त्याला तिची ओढ लागते त्यात या शांततेचाही वाटा आहे. आता ती स्वतःहून दार उघडते आणि त्याला पहिल्या भेटीपासूनचे सारे तिच्या डोळ्यांनी दिसते. लक्ष विचलित झाले तर हे टिकणार नाही, असे ती बजावते. तो शहाण्यासारखे वागण्याचे कबूल करतो आणि थोड्याच वेळात तिचे चुंबन घेऊन सगळे घालवतो. कवच झटक्यासरशी परत येते. सरावाला भरपूर वेळ आहे, असे म्हणून दोघे हसतात. आणि हे तिने केव्हा केले, तर युद्ध टळल्यावर, कोणतीही गरज उरली नसताना.

ही दोन-तीन पाने वाचल्यावर माझ्या वहीतली एक नोंद मला नव्याने दिसली. बेलाकडे चारही पुस्तकांत पूर्णपणे तिची स्वतःची अशी एकच जागा होती, आणि ती म्हणजे तिचे मन. सौंदर्य, शक्ती, पैसा, घर, गाडी हे सारे तिला एडवर्डच्या कलन कुटुंबाने दिले. मन बंद ठेवण्याची ताकद मात्र ती घरून घेऊन आली होती. तीच तिने कोणी न मागता देऊ केली. वसुलीला कोणी आले नव्हते, म्हणून तर ते देणे मोलाचे. मुखपृष्ठावरचे प्यादे पट ओलांडून वजीर होते, हे रूपक लेखिकेने स्वतः सांगितलेले आहे. पण प्याद्याचा वजीर मैदानात होतो असे मी समजत होते, तो घरकुलात होतो.

त्या पानांमुळे आधीचा सारा लांबलचक फापटपसारा सुसह्य झाला असे मात्र नाही. व्हॉल्टुरींच्या प्रतीक्षेतली किमान शंभर पाने कात्रीखाली जायला हवी होती, रोझालीवर अन्याय झाला तो झालाच, आणि जेकबचे प्रकरण मला अजून गिळता येत नाही. फक्त ‘शेवट फसला’ हे माझे जुने वाक्य मी मागे घेतले आहे. फसला तो कळस. शेवट बरोबर आहे. ज्यांनी मालिका तिसऱ्या पुस्तकाशी सोडली असेल त्यांनी चौथे घ्यावे, जेकबचा भाग सावकाश वाचावा, साक्षीदारांची नावे लक्षात ठेवण्याचा खटाटोप करू नये आणि प्रत घेताना शेवटची पाने मोजून घ्यावीत.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या भाचीने चारही पुस्तके मागून नेली. मी तिला चौथ्याची पूर्ण प्रत दिली आणि एकोणचाळिसावे प्रकरण नीट वाच म्हणून बजावलेही. तीन आठवड्यांनी तिने पिशवी परत आणली आणि दारातूनच म्हणाली, “मावशी, एवढी सगळी तयारी आणि कोणी मेलंच कसं नाही?” शेवटचे प्रकरण वाचलेस का, असे मी विचारले. “चाळलं गं,” ती म्हणाली, “नुसत्या जुन्या आठवणीच तर आहेत त्यात.”