ब्लिट्झऑर्टुंगचा लाईव्ह वीज-मॅप: दोन वर्षं वापरल्यावर

मराठीत एक गंमत आहे, आभाळातली ती पण वीज आणि तारेतली ती पण वीज, त्यामुळे "वीज पडली म्हणून वीज गेली" हे आमच्या कामात काही विनोदी वाक्य नाही. मी ट्रान्समिशन लाईनवाला. लाईन ट्रिप झाली (म्हणजे बिघाड दिसला म्हणून आपोआप बंद पडली), पेट्रोलिंगला गेलेल्यांना काही सापडलं नाही, आभाळ भरलेलं होतं, झालं, कारणाच्या रकान्यात "लायटनिंग" लिहायचं आणि मोकळं व्हायचं. हे खरंच किती वेळा असतं असा किडा डोक्यात होता म्हणून हा मॅप उघडला, तो टॅब अजून बंद केलेला नाही.

वेबसाईट फुकट आहे, लॉगिन वगैरे भानगड नाही. जगाचा नकाशा, जिथे वीज पडते तिथे काही सेकंदात ठिपका उमटतो आणि "टक्" असा आवाज होतो (तो आधी बंद करा, मोठं वादळ असेल तर टायपिंगचा क्लास चालू असल्यासारखं वाटतं). ताजा ठिपका उजळ, जुना होत जातो तसा गडद. सगळ्यात भारी म्हणजे ठिपक्याभोवती एक वर्तुळ पसरत जातं, आवाजाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटर. झूम करून आपल्या घरावर यायचं आणि ते वर्तुळ आपल्यापर्यंत पोचायची वाट बघायची. पहिल्यांदा वर्तुळ टेकलं आणि त्याच क्षणी बाहेर गडगडलं तेव्हा मी एवढ्यांदा ओरडलो की घरच्यांना वाटलं शॉक बसला.

हे सगळं जर्मनीतल्या ड्यूसेलडॉर्फ युनिव्हर्सिटीतले कॉम्प्युटर सायन्सचे प्राध्यापक एगोन वांके यांच्या डोक्यातून निघालेलं, आणि चालवतात जगभरचे हौशी लोक, आपापल्या घरी किट जोडून. वीज चमकली की तिच्यातून कमी फ्रिक्वेन्सीच्या रेडिओ लहरी निघतात, त्या प्रत्येक स्टेशनला वेगवेगळ्या वेळी पोचतात, त्या वेळांतल्या फरकावरून जागा काढायची. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, म्हणजे घड्याळ एवढंसं जरी चुकलं तरी ठिपका तीनशे मीटर सरकणार, म्हणून प्रत्येक स्टेशनवर जीपीएसचं घड्याळ लागतं. मॅपवर एक ऑप्शन आहे, कुठल्या ठिपक्याला कुठल्या स्टेशनांनी पकडलं त्या रेघा दिसतात. तो नक्की चालू करा, कारण त्यातच कळतं की स्टेशनं दाट कुठे आहेत आणि विरळ कुठे, आणि ते कळल्याशिवाय हा मॅप वाचू नये असं माझं मत झालंय. कसं झालं ते सांगतो.

पहिले काही महिने मी रिलेवरची (बिघाड ओळखून लाईन तोडायला लावणारं यंत्र) ट्रिपची वेळ घ्यायचो (तिथेही जीपीएसच, सेकंदाचा घोळ नाही) आणि मॅपचं रेकॉर्डिंग लावून जुळवायचो. काही ट्रिप इतक्या तंतोतंत जुळल्या की अंगावर काटा. काहींच्या आजूबाजूला ठिपकाच नाही. मग काय, मी छाती फुगवून सगळ्यांना सांगत सुटलो की बघा, ठिपका नाही म्हणजे वीज नाही, आपण इतकी वर्षं खोटी कारणं लिहितोय.

एका ट्रेनिंगला युनिव्हर्सिटीतल्या एक मॅडम आल्या होत्या, विजेवरच संशोधन करतात, त्यांना मी हे मोठ्या ऐटीत दाखवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "लाईनवर अर्थ वायर असताना फेज कंडक्टरवर कुठली वीज पडते, मोठी की छोटी?" (अर्थ वायर म्हणजे टॉवरच्या टोकावरची, आभाळातली वीज झेलायची तार, फेज कंडक्टर म्हणजे तिच्याखालची, करंट नेणारी तार.) आणि माझी बोलतीच बंद. कारण पुस्तकात शिकलेलो होतो मी हे. वीज खाली येताना शेवटची उडी किती लांबून मारते ते तिच्या करंटवर ठरतं, नेहमीच्या सूत्राने ३० किलोअँपिअरच्या विजेला साधारण ९० मीटर, ५ किलोअँपिअरवालीला जेमतेम २८. मोठीला वरची अर्थ वायर आधी सापडते, बारकी मात्र बाजूने शिरून थेट कंडक्टरवर बसते. आणि लांबून ऐकणाऱ्या नेटवर्कला नेमक्या बारक्याच ऐकू येत नाहीत. म्हणजे ज्या विजा लाईनच्या छत्रीतून निसटतात त्याच मॅपमधून पण निसटतात! मी ज्याला पुरावा समजत होतो तो पुरावाच नव्हता.

मोठ्या विजेचा प्रकार वेगळा. ती टॉवरवर किंवा अर्थ वायरवर बसते, करंट टॉवरमधून जमिनीत उतरतो, आणि अर्थिंग खराब असेल तर टॉवरचंच व्होल्टेज इतकं चढतं की इन्सुलेटरवरून उलटा फ्लॅशओव्हर होतो, म्हणजे टॉवरवरून कंडक्टरकडे ठिणगी उडी मारते. साधा गुणाकार करा, ३० किलोअँपिअर गुणिले १० ओहम म्हणजे ३०० केव्ही, तेच खडकाळ जमिनीत ५० ओहम झालं की १५०० केव्ही (प्रत्यक्षात करंट अर्थ वायरने वाटला जातो, पण अंदाज येतो). या ट्रिप मॅपवर छान सापडतात, आणि त्याच त्याच दोन-तीन टॉवरांपाशी ठिपके जुळायला लागले की अर्थिंग तपासायला माणूस पाठवावा, हा मला झालेला खरा फायदा.

आता कोणी म्हणेल एका ट्रिपचं एवढं काय, ब्रेकरने लाईन तोडली, परत जोडली. तर ९ ऑगस्ट २०१९ चं ब्रिटन आठवा, लंडनच्या उत्तरेला लाईनवर वीज पडली, प्रोटेक्शनने काम चोख केलं, लाईन परत चालूही झाली, पण त्या झटक्याच्या आसपासच समुद्रातलं हॉर्नसी विंड फार्म आणि लिटल बारफोर्डचं गॅस स्टेशन यांची निर्मिती गेली, फ्रिक्वेन्सी नेहमीच्या ५० वरून ४८.८ हर्ट्झपर्यंत घसरली आणि दहा लाखांवर ग्राहक अंधारात.

बरं, त्या मॅडमना मी पुढचा भोळा प्रश्न विचारला की मग या ठिपक्यांवरून हवामानबदलाने विजा वाढताहेत का ते कळेल की. तर हसल्या. म्हणाल्या, स्टेशनं वाढली की ठिपके आपोआप वाढतात, आभाळाने काही केलं नाही तरी. वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचं डब्ल्यूडब्ल्यूएलएलएन म्हणून जागतिक नेटवर्क आहे, स्टेशनं कमी पण हजारो किलोमीटरवरचं ऐकणारी, त्यांनाही हीच दुरुस्ती करत बसावी लागते. सॅटेलाईटने मोजलेलं आहे, जगभरात सेकंदाला साधारण ४४ चमका, पण सॅटेलाईटची मालिका पण तुटक.

आणि क्लायमेट मॉडेलमध्ये तर वीज थेट नसतेच, ढगाच्या उंचीवरून किंवा ढगातल्या बर्फावरून अंदाज लावायचा. २०१४ च्या एका अभ्यासात पाऊस आणि वातावरणातली अस्थिर ऊर्जा यांच्या गुणाकारावरून अमेरिकेत तापमानाच्या प्रत्येक अंशाला विजा सुमारे १२ टक्के वाढतील असं आलं, २०१८ च्या दुसऱ्यात बर्फाच्या हिशोबाने जगभरात शतकाअखेर १५ टक्के घट! ढगाच्या उंचीच्या जुन्या सूत्राने वाढच दिसते. म्हणजे वाढ की घट यावरच एकमत नाही, आणि आम्ही आत्ता घालतोय ते टॉवर पुढची चाळीस-पन्नास वर्षं उभे राहणार. हे ऐकून मला दोन दिवस बरं वाटलं नाही, खरंच.

तर रेटिंग. बघायला, शिकायला, मोठ्या विजेची ट्रिप शोधायला पाचपैकी साडेचार. सुरक्षिततेसाठी शून्य, आणि हे मी नाही, त्यांनीच साईटवर सांगितलंय की जीव किंवा मालमत्ता वाचवायला हा डेटा वापरू नका. गडगडाट ऐकू आला की आत जायचं, मॅप काहीही दाखवो. कच्चा डेटा फक्त स्टेशन चालवणाऱ्यांना मिळतो, अर्धा मार्क त्याचाच कापलाय, पण फुकटात एवढं देतात तर कुरकुर कशाला.

त्या डेटासाठी आता स्वतःचं स्टेशन लावायचा विचार चाललाय. अँटेनाला गोंगाट नसलेली जागा लागते, ती तपासायला जुना एएम रेडिओ घेऊन घरभर फिरतोय, ज्या कोपऱ्यात धरावा तिथे कुठला तरी एलईडी बल्ब नाहीतर चार्जर खरखरतोय. एक जिन्याखालची जागा सापडलीय, पण तिथे जीपीएसचा सिग्नल पोचत नाही.