जिप्सी, भंगार बाजार आणि चौदा नंबरचा पाना: पंधरा महिन्यांनंतर

जिप्सी म्हणजे मारुतीची फोर-बाय-फोर, जीपसारखी गाडी; तिच्यात काय आहे आणि काय नाही हे वाचणाऱ्यांना ठाऊक असणार, त्यात शिरत नाही. माझी २००४ ची किंग मॉडेलची, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनची), कापडी टपाची, एमएच १५. गेले पंधरा महिने तिला लागलेलं जवळजवळ सगळं सामान मी भंगारातून घेतलं. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण हात खरा चालला तो गेल्या जूनमधल्या प्रकारानंतर.

त्र्यंबकच्या पुढे हरसूलकडे आमची आंब्याची कलमं आहेत. आठवड्यातून एक फेरी ठरलेली. त्या दिवशी पहिला मोठा पाऊस होऊन गेलेला, रस्ता ओला, आणि एका उतारावर गाडीखालून धाडकन आवाज आला. मला वाटलं दगड उडाला. मग लोखंड रस्त्यावर घासत असल्यासारखी खरखर सुरू झाली. थांबून खाली वाकून बघतो तर मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांना जोर पोचवणारा दांडा, डिफरन्शियलच्या (मागच्या आसावरच्या गिअरपेटीच्या) टोकाकडून सुटून लोंबकळतोय. फ्लँजच्या, म्हणजे जोडाच्या दोन गोल पत्तींच्या, चार बोल्टांपैकी दोन गायब, एक अर्ध्यात तुटलेला, एक वाकून अडकलेला. हाच शाफ्ट पुढच्या टोकाकडून सुटला असता तर जमिनीत रुतून गाडी उचलली असती. शेजारी माझा बारा वर्षांचा पुतण्या बसला होता. तो विचार अजून रात्री येतो.

पुढचं टोक सोडलं, शाफ्ट मागे टाकला, दोन्ही फ्री-व्हील हब (पुढची चाकं आसाला जोडणारे खटके) हाताने लॉकवर फिरवले, छोटा गिअर फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगात) टाकला आणि नुसत्या पुढच्या चाकांवर गाडी नाशिकला आणली. फोर-बाय-फोरचं हे सुख दुसऱ्या कुठल्या गाडीत नाही. घरी आल्यावर अंघोळ न करता तो तुटलेला बोल्ट कापडाने पुसला आणि उजेडात धरला. डोक्यावर काहीही कोरलेलं नव्हतं. ना आकडा, ना खूण. कोरा.

तो कोरा बोल्ट तिथे कसा आला? सुरुवातीला ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी) बदलावी लागली होती, चढाला लो-गिअर आपोआप सुटायचा. भंगारातून साडेसात हजारांत केस मिळाली. विकणारे चाचा तेव्हाच म्हणाले होते, "दादा, शाफ्टचे बोल्ट पण घेऊन जा, वीस रुपयाला एक." मी घेतले नाहीत. साडेसात हजार मोजल्यावर आणखी पैसे कशाला, जुने आहेतच, असा हिशेब मी केला. गॅरेजमध्ये जुने बोल्ट गंजून बसलेले निघाले, मेकॅनिकने ग्राइंडरने उडवले आणि समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातून नवे चकचकीत आणून ठोकले. मला सांगितलंसुद्धा नाही. जूननंतर विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "बोल्ट म्हणजे बोल्ट, साहेब." दोन तास वाद घातला. मजुरीचे पैसे परत मिळाले नाहीत, आणि त्या गॅरेजची पायरी मी पुन्हा चढलो नाही.

बोल्ट म्हणजे बोल्ट नसतो. फ्लँजचे बोल्ट स्वतःच्या अंगावर गाडी ओढत नाहीत. ते दोन पत्ती इतक्या जोरात आवळून धरतात की पत्तींमधल्या घर्षणातूनच जोर जातो. बोल्ट नरम असला की ताणतो, ताणला की पकड सुटते, पकड सुटली की पत्ती सरकायला लागतात आणि बोल्टवर कात्रीसारखा घाव बसतो. माझ्याकडे चार महिन्यांत एवढं झालं. सुझुकीच्या मूळ बोल्टांच्या डोक्यावर ४ किंवा ७ असा आकडा असतो. जोराच्या जागी ७ चाच लागतो. आपल्याकडच्या चांगल्या बोल्टांवर ८.८ किंवा १०.९ असतं. ८.८ मधला पहिला आठ म्हणजे तुटण्याची ताकद ८०० मेगापास्कल, आणि पुढचा .८ म्हणजे त्याच्या ऐंशी टक्क्यांवर तो कायमचा ताणायला लागतो. कोऱ्या डोक्याचा बोल्ट पत्र्याच्या शेडला लावा, गाडीला नको.

दुसरी गोष्ट आट्यांची, आणि यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण नाशिकमध्ये कुणी हे सांगत नाही. हार्डवेअरच्या दुकानात दहा एमएमचा बोल्ट मागितला तर दीडच्या पिचचा, म्हणजे दोन आट्यांत दीड एमएम अंतर असलेला, जाड आटा हातात पडतो. जपानी गाड्यांत दहा एमएमला बहुतेक ठिकाणी सव्वाचा बारीक आटा असतो. जाड आट्याचा बोल्ट बारीक आट्याच्या भोकात दोन फेरे जातो आणि अडतो. तिथे थांबायला हवं. मेकॅनिक थांबत नाही, हवेची गन लावतो. बोल्ट बसतो, बाहेरून घट्ट दिसतो, आतले आटे गेलेले असतात. माझ्या गाडीच्या चॅसीवर अशी तीन भोकं सापडली. लेथवाल्याकडून टॅप मारून, बुश घालून घेतली, नऊशे रुपये गेले. डोकंही वेगळं असतं. जपानी दहा एमएमच्या बोल्टला चौदाचा पाना लागतो, बाजारातल्याला सतराचा. आठ एमएमला इकडे बारा, तिकडे तेरा. कुठल्याही जुन्या जिप्सीखाली शिरा आणि दहा एमएमच्या बोल्टला सतराचा नि आठ एमएमच्याला तेराचा पाना कुठे कुठे लागतो ते मोजा. तिथे तिथे आधीच्या मालकाच्या मेकॅनिकने हात मारलेला आहे. गाडी विकत घेतानाची माझी पहिली तपासणी आता हीच. चौदाचा पाना खिशात ठेवूनच जातो.

म्हणून जूननंतर दर रविवारी सकाळी मी चाचांकडे बसायला लागलो. अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार नाशिकमध्ये सगळ्यांना माहीत आहे. २०१७ च्या जानेवारीत महापालिकेने तिथे पाडापाडी केली, तेव्हा बरीच दुकानं विखुरली. चाचांचं दुकान कुठे आहे ते लिहीत नाही, गर्दी झाली की भाव चढतो. त्यांच्याकडे तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत बोल्ट आहेत, गाडीप्रमाणे नाही, लांबीप्रमाणे. किलोवर विकतात. पहिल्या रविवारी चार तासांत मला ७ आकड्याचे बत्तीस बोल्ट सापडले, काही वॉशर डोक्यालाच जोडलेले, काहींवर मूळचा पिवळट मुलामा शाबूत. काहींवर लष्करी हिरवा रंग. देवळालीत तोफखाना असल्याने इकडे हिरव्या जिप्स्या लहानपणापासून पाहिलेल्या. तो रंग बोल्टवर बघून मला काय वाटलं ते बायकोला सांगता आलं नाही.

जुना बोल्ट पारखायची रीत चाचांनीच शिकवली. चांगला नट बोटांनी फिरवायचा, पाच-सहा फेरे अडथळ्याविना गेला पाहिजे. मग तसलाच दुसरा बोल्ट घेऊन दोघांचे आटे एकमेकांत बसवायचे आणि उजेडाकडे धरायचे. दात दातात बसले आणि मधून उजेड आला नाही तर बोल्ट ताणलेला नाही. कुठे फट दिसली की परत डब्यात. पन्नास रुपयांचं पिच गेज मी नंतर घेतलं, पण चाचांचे डोळे त्याहून पक्के आहेत.

बाकीच्या सामानाचं थोडक्यात. फ्री-व्हील हबची जोडी दोन हजार दोनशेला, उघडून धुऊन ग्रीस भरलं, उत्तम चालते. सीट वॅगन-आरच्या, जोडी साडेतीन हजार, खाली आडव्या पट्ट्या वेल्ड करून बसवल्या. कंबर वाचली. याला मी दहापैकी दहा देईन. चाकांच्या रिमा घेताना मात्र नुसतं पाच भोकं आणि त्यांच्या वर्तुळाचा १३९.७ एमएम व्यास जुळतोय म्हणून उड्या मारू नका. जुन्या विलीज जीपचं माप साडेपाच इंच, म्हणजे तेच १३९.७. पण मधलं भोक जुळलं पाहिजे, जिप्सीचा हब जाडा असतो. स्टडचे आटेही वेगळे. जिप्सीचे बारा एमएम, सव्वाचे. पुन्हा तोच सव्वा.

एस्टीमबद्दल वेगळं सांगायला हवं. एस्टीम २००७ पर्यंत बनली आणि तिचं १२९८ सीसीचं इंजिन जिप्सी किंगच्याच घराण्यातलं, जी१३. भंगारात एस्टीम अजून दिसते आणि जिप्सीपेक्षा खूप स्वस्तात सुटते. इंजेक्टर, काही सेन्सर, हेडमधलं सामान मी तिच्यातून घेतलं, कोरलेला पार्ट नंबर ताडून. पण तिचं इंजिन आडवं बसतं, आपलं उभं. गिअरबॉक्सच्या बाजूचं काहीही जुळेल असं धरून पैसे देऊ नका.

आता जिथे मत बदललं ते. पहिल्या सहा महिन्यांत मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की नवं काही घ्यायचंच नाही. मागच्या ब्रेकचे व्हील सिलिंडर भंगारातून दीडशे रुपयांना बसवले, आणि पाच आठवड्यांत एकातून तेल झिरपून ब्रेक-शू भिजले. शू बदलले, ड्रम साफ करून घेतले, तेल भरून हवा काढली, मजुरी वेगळी. नव्या सिलिंडरच्या तिप्पट खर्च झाला. तेव्हापासून माझा नियम असा की लोखंड भंगारातून, रबर दुकानातून. ब्रेकचा पाइप, सिलिंडर, सील, इंजिनाचे माउंट, बेल्ट, टायर, यातलं काहीही जुनं नको. टायरवर कोणी नक्षी दाखवली तर बाजूचा चार आकडी शिक्का वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन वर्ष. मला चाचांच्या शेजारच्या दुकानात 'नवाकोरा' म्हणून दाखवलेला टायर २०१४ चा होता.

आणि बोल्टांबद्दलचंही माझं मत थोडं सरकलंय, ते प्रामाणिकपणे लिहायला हवं. जूननंतर मी शाफ्टला चाचांकडचे ७ चे बोल्ट लावले होते. पावसाळा संपल्यावर तपासले, चारही जागेवर, बोल्ट फिरला तर कळावं म्हणून मारलेली रंगाची रेघ हललेली नाही. तरीही दिवाळीच्या सुमारास काढले आणि नवे घातले. सातपूरला एक फास्टनर विकणारे आहेत, कारखान्यांना माल देतात, त्यांच्याकडे १०.९ चे मिळाले. पंचवीसच्या खाली देत नव्हते, मी पंचवीस घेतले. वीस वर्षं उष्णता, चिखल आणि आवळसोडव सोसलेल्या बोल्टवर घरच्या पोराचा जीव टांगू नये, असं मला आता वाटतं. शाफ्ट, स्टिअरिंग, स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या शॅकल (जोडकड्या), इथे नवेच. पण वॉशर जोडलेले, खांद्याचे, विशिष्ट लांबीचे मूळ बोल्ट बाजारात नवे मिळतच नाहीत. त्यांच्यासाठी डबे उपसायचेच.

कागदांचं. नोंदणीचं नूतनीकरण २०१९ मध्ये सहाशे रुपयांत झालं होतं. १ एप्रिल २०२२ पासून ते पाच हजार झालं, आणि २०२४ मध्ये मी ते भरले. त्या रागातच मी भंगाराकडे वळलो हेही खरं. १.६ चं बलेनो इंजिन टाकायचा सल्ला मला तिघांनी दिला. टाकलं नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने गाडीत मूळ रचनेविरुद्ध बदल करण्याबद्दल स्पष्ट सांगितलंय, आणि तपासणीला दारात उभं राहून पोटात गोळा आणायची माझी तयारी नाही. प्रत्येक मोठ्या सामानाची चिठ्ठी घेतो, त्यावर कुठल्या गाडीतून निघालं ते लिहून घेतो. चाचा लिहून देतात. जो लिहून देत नाही, त्याच्याकडून ट्रान्स्फर केस दोन हजारात मिळाली तरी घेऊ नये, चोरीचा माल आपल्या दारात सापडला तर भाव कोण विचारणार.

पंधरा महिन्यांत एकूण गेले एकतीस हजार चारशे, त्यात लेथवाला आणि त्या ब्रेकचा भुर्दंड धरून. नव्या सामानाचा हिशेब मी मांडायला घेतला होता, पण निम्म्या वस्तू नव्या मिळतच नाहीत असं कळल्यावर सोडून दिला. गाडी आता हरसूलच्या त्याच उतारावर दर आठवड्याला जाते. उताराच्या आधी मी थांबतो, खाली वाकतो आणि बोल्टांवरची पांढरी रेघ बघतो. पुतण्यालाही बघायला शिकवलंय. त्याला आता बारा, चौदा, सतरा असे पाने न सांगता देता येतात.

अजून मागच्या दाराची वरची बिजागरी हवी आहे, माझी झिजून दार दोन बोटं खाली बसलंय. चाचांकडे तीन महिने आलेली नाही. कुणाकडे सुटी असेल तर मी योग्य भाव द्यायला तयार आहे, फक्त काढताना ग्राइंडर लावू नका आणि तिचे बोल्ट तिच्यासोबत द्या.