जुना जनरेटर, मोटरहोम आणि लोहामंडीतलं गॅरेज

इंदुरात मोटरहोमला (राहायची सोय असलेल्या गाडीला) वापरलेला जनरेटर बसवून घ्यायचा असेल, तर लोहामंडीतल्या या छोट्या गॅरेजची मी मनापासून शिफारस करते. आमचा पेट्रोलचा जनरेटर रिकामा, म्हणजे काही न जोडता, छान चालायचा, एसी लावला की धापा टाकत बंद पडायचा. दुसरीकडे थेट नवीन कॉइलचा खर्च सांगितला होता. इथल्या काकांनी आधी टाकीतलं पेट्रोल हुंगलं. शिळं! कार्बोरेटर उघडला तर जेटमध्ये चिकटा साचलेला. तो साफ केला, प्लग बदलला, मग लोड टाकून मीटर लावला: 46 हर्ट्झ (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं; आपल्याकडे 50 लागतात). या जनरेटरला 50 हर्ट्झसाठी मिनिटाला 3000 फेरे लागतात. त्यांनी गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग, रिकाम्यावर 52 ला बसवला. आता एसी चालू असताना 50 च्या आसपास राहतो.

बसवण्याचं काम तर त्याहून सरस. रबरी माउंट, धूर खिडक्यांपासून लांब बाहेर, कप्प्याच्या आतल्या फटी बंद. बाहेरची लाइन आणि जनरेटर एकदम जोडले जाऊ नयेत म्हणून चेंजओव्हर स्विच. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून पलंगाजवळ अलार्म लावेपर्यंत काकांनी किल्ली दिली नाही. याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

वायरींवर चिठ्ठ्या मात्र नव्हत्या, त्या मागून लावून घ्या. आणि गाडी उतारावर उभी असताना जनरेटर बंद पडला, तर आधी ऑइल बघा. ऑइल कमी झालं की इंजिन बंद करणारा सेन्सर तिरप्या इंजिनात फसतो.