थिसॉरस घ्यावा का? ‘कनिंग’चं पान झिजेपर्यंत वापरल्यावर

उदगीरला बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षेच्या पोरांना इंग्रजी शिकवतो. गेल्या पावसाळ्यात इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेला हा जाडजूड थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, मागवला, तो अजून टेबलावरून हललेला नाही. आल्या आल्या पाच तारे देणारे बरेच आहेत, म्हणून मी मुद्दाम थांबलो होतो.

थिसॉरस पारखायचा असेल तर ‘सुंदर’ किंवा ‘आनंदी’ असले शब्द उघडून बघू नका. तिथं सगळेच पास होतात. लबाडीचं पान काढा. कनिंग, स्लाय, क्राफ्टी, वायली, श्रूड, अस्ट्यूट, कॅनी, डीव्हियस... फोनवरच्या फुकट अ‍ॅपात हे सगळे एका ओळीत मिळतात आणि पोरं त्यातला दिसायला भारी तो उचलतात. वर्गातल्या एकानं निबंधात लिहिलं, ‘माय फादर इज अ व्हेरी कनिंग फार्मर.’ बापानं सोयाबीन काढणीच्या गर्दीत मोंढ्यावर न नेता घरातच थप्पी लावून ठेवलं आणि भाव चढल्यावर विकलं, एवढंच त्याला सांगायचं होतं. करायला गेला कौतुक आणि बापाला ठरवलं कपटी! तिथं श्रूड पाहिजे होता.

हे पुस्तक इथं कामाला येतं. जवळजवळच्या शब्दांचा एक गट करून प्रत्येकाला वेगळं वाक्य दिलंय आणि शब्द कौतुकाचा की नावं ठेवण्याचा, अशी खूण केलीय. श्रूड आणि अस्ट्यूट कौतुकाचे. श्रूड म्हणजे माणसं आणि पैसा ओळखणारा, अस्ट्यूट जरा कोट घातलेला शब्द, राजकारणाच्या आणि धंद्याच्या बातम्यांत दिसणारा. कॅनी म्हणजे सहजासहजी न फसणारा, पैशाला जपून. मूळचा स्कॉटलंडकडचा. इंग्लंडच्या ईशान्य भागात कॅनी माणूस म्हणजे नुसता चांगला माणूस, पण ते यात सापडत नाही. वायलीमध्ये अनुभव आणि मुरलेपणा आहे, म्हणून तो कोल्ह्याला आणि जुन्या पुढाऱ्याला लागतो. बोलणाऱ्याला राग असतो, पण थोडं कौतुकही असतंच.

वर्गात मी हे सगळं हळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात नेतो, कारण पोरांनी तो पाहिलेला असतो. हेडी, म्हणजे गुरांचा दलाल, उपरण्याखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवतो. तिसऱ्याला काही कळत नाही, पण हे स्लाय नाही. ज्या दोघांचा सौदा आहे त्यांना सगळं माहीत असतं. बैलाचा जबडा उघडून दात बघितल्याशिवाय पुढं न बोलणारा गिऱ्हाईक श्रूड. म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून, रंग लावून उभा करणारा क्राफ्टी. आणि बैल मारका आहे हे पक्कं ठाऊक असून ‘लेकरावाणी गरीब आहे बघा’ म्हणत दावं तुमच्या हातात देणारा, तो कनिंग. मग स्लाय कोण? शेजारी उभं राहून हे सगळं बघणारा, काहीच न बोलता गालातल्या गालात हसणारा. ‘स्लाय स्माइल’ हा जोड पुस्तकात दिलाय आणि त्या एका जोडानं जेवढं कळतं तेवढं माझ्या अर्ध्या तासाच्या बडबडीनंही कळत नाही.

तक्रारी आहेत. पहिली म्हणजे शब्दांचा इतिहास अजिबात नाही. कनिंग हा ‘जाणणे’ या अर्थाच्या जुन्या क्रियापदावरून आला. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये तो कुशल कारागिरांसाठी आदरानं येतो. श्रूडचा प्रवास नेमका उलटा, आधी त्याचा अर्थ दुष्ट असा होता. एक वरून खाली आला, दुसरा खालून वर गेला. डीव्हियसचं मूळ लॅटिन, ‘रस्ता सोडून’ गेलेला. आडवळणाच्या वाटेलाही इंग्रजीत अजून डीव्हियस म्हणतात. हे सांगितलं की पोरं शब्द विसरत नाहीत, मग छापायला काय हरकत होती?

दुसरी तक्रार त्या खुणांची. कौतुक की निंदा, हे पुस्तक एकदाच ठरवून मोकळं होतं. आपल्याकडचे साडेतीन शहाणे घ्या. त्यातला विठ्ठल सुंदर हा निजामाचा दिवाण. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेनं पुणं लुटलं, जाळलं, आणि त्याच वर्षी गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनच्या लढाईत हा दिवाण मारला गेला. त्याला ‘वाइज’ म्हणावं तर फारच सात्त्विक होतं. निजामाच्या दरबारातून बघितलं तर अस्ट्यूट, पुण्यातून बघितलं तर वायली, आणि ज्याचं घर जळालं त्याच्या तोंडी कनिंगच येणार. माणूस तोच, डोकं तेच. बोलणारा कोणत्या बाजूला उभा आहे यावर शब्द बदलतो, ही गोष्ट पुस्तकात कुठंच नाही. माझ्या मते या गटात सगळ्यात आधी तीच सांगायला हवी होती.

तिसरं, ‘डिसइन्जेन्युअस’ या गटात नाहीच. सगळं कळत असून काही माहीत नसल्यासारखं बोलणाऱ्याला हा शब्द लागतो, आपलं वेड पांघरून पेडगावला जाणं. पुढाऱ्यांच्या मुलाखती इंग्रजीत वाचणाऱ्याला तो पावलोपावली भेटतो. ‘इन्सिडियस’ मात्र वेगळ्या पानावर ठेवलाय ते बरोबर केलं. तो माणसापेक्षा आजाराला जास्त लागतो, आतल्या आत वाढून उशिरा कळणाऱ्या.

उच्चार दिलेले नाहीत. पोरं श्रूडला ‘श्रेव्ड’ आणि वायलीला ‘विली’ म्हणतात, तेव्हा शेजारी शब्दकोश लागतोच. उदाहरणांतली माणसं बहुतेक लंडनच्या कचेरीतली. शेतकरी एखादाच, आणि तोही ट्रॅक्टरवर हात हलवत जाणारा! कागद पातळ, मागच्या पानाची अक्षरं पुढं दिसतात. बांधणी हिवाळ्यातच सुटली, चौकातल्या बायंडरकडून शिवून घेतली.

अनुवाद करणारे, इंग्रजीत अर्ज-नोटिसा लिहिणारे वकील, निबंधाचा पेपर असलेले परीक्षार्थी यांनी जरूर घ्यावा. पीटर रॉजेट या इंग्रज डॉक्टरनं १८५२ मध्ये आपला थिसॉरस छापला, त्यात अर्थ दिलेच नव्हते, शब्द येणाऱ्यालाच त्याचा उपयोग. या पुस्तकानं नवशिक्याचीही सोय केलीय. पाचापैकी चार. नीटच्या तयारीला लातूरला गेलेल्या पोरांनी मात्र पैसे घालू नयेत, त्यांना इंग्रजीचा पेपरच नाही.