कोविडच्या काळातले (2020), रांगेतल्या अंतराचे गोल स्टिकर: गोव्यातल्या कॅफेंसाठी

12 इंची व्हिनाइलचे गोल. वरून खरखरीत लॅमिनेशन असलेलेच घ्या. गुळगुळीत स्टिकरवर पावसाळ्यात ओली चप्पल हमखास घसरते. लादी साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसून पूर्ण सुकू द्या. मग मधून कडेकडे दाबत हवा काढा आणि 24 तास पोछा मारू नका. लादीच्या सांध्यावर लावला तर पाणी तिथूनच आत शिरतं आणि कड सुटते. दोन गोलांच्या मध्यांत 6 फूट ठेवा.

स्टिकर चांगला आहे, पण काम रांगेपुरतंच करतो. मार्च 2020च्या लॉकडाऊननंतर कॉलेजची मुलं या गोलांत इमानेइतबारे उभी राहायची. 2 जुलैपासून पर्यटक येऊ लागले, मास्क हनुवटीवर आले, आणि ‘आम्ही एकाच ग्रुपचे’ म्हणत हीच मुलं चौघांच्या टेबलावर सातजण दाटीवाटीने बसू लागले. धोका तिथेच जास्त: मास्क उतरलेला, एसी चालू, बोलणं मोठ्याने. म्हणून टेबलामागच्या जादा खुर्च्या उचला, खिडक्या उघडा, जमेल तितक्यांना बाल्कांवात (पुढच्या उघड्या ओसरीत) बसवा. मुलं बेफिकीर नव्हती, कंटाळली होती. ‘नियम पाळा’पेक्षा ‘घरी आजी-आजोबा आहेत ना?’ ही पाटी ती थांबून वाचायची.