जुन्या गुन्ह्याची माहिती मागायचीय? बावडा रस्त्याच्या या टायपिंगवाल्या मामांकडं जा

भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, झेरॉक्स ही कामं इथं होतातच, पण ती कुठंही होतात. कोल्हापूरच्या न्यायसंकुलापासून चालत जाण्याच्या अंतरावरचं हे छोटं दुकान मी सांगतेय ते एकाच कामासाठी. तुमच्या घरातल्या कुणाचा खून झालाय, मारेकरी सापडलेला नाही आणि पोलीस ठाण्यात कुणी नीट बोलत नाही, अशी वेळ असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज इथूनच लिहून घ्या.

माझा थोरला भाऊ मार्केट यार्डात गुळाच्या अडतीत दिवाणजी होता. त्याचा खून झाला त्याला तप उलटून गेलं. ठाण्यात गेलं की साहेब बंदोबस्ताला. नवे साहेब आले की "फाइल बघावी लागेल", आणि फाइल बघून होईपर्यंत त्यांची बदली. वडील हेलपाटे घालता घालता गेले. मग मी जायला लागले.

दुकानाचा पत्ता मला कॉम्रेड पानसरेंच्या खुनाचा जाब विचारायला निघालेल्या निर्भय मॉर्निंग वॉकमध्ये एका ताईंनी दिला. कॉम्रेड आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येताना गोळ्या झाडल्या आणि २० तारखेला कॉम्रेड गेले, तेव्हापासून या शहरातली माणसं जाब विचारत रस्त्यावर येत राहिली. कुटुंब उच्च न्यायालयापर्यंत गेलं, न्यायालयानं तपासावर लक्ष ठेवलं, २०२२ मध्ये तपास एटीएसकडं, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाकडं गेला. एवढं सगळं करूनही किती वर्षं गेली ते आपण बघितलं. मग अडतीतल्या दिवाणजीसाठी कोण विचारणार? घरच्यांनीच विचारायचं, आणि विचारायचं ते नेमकं.

ते नेमकेपण मामांकडं आहे. मी चार पानी अर्ज हातानं लिहून नेला होता. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, मध्ये एकदाही मला थांबवलं नाही. मग म्हणाले, "वहिनी, तपास कुठवर आला असं विचारलं की चालू आहे एवढंच येणार. कागद मागा." माहिती अधिकारात खुलासा मिळत नाही, दप्तरी असलेली नोंद मिळते. त्यात आपल्या राज्याचा नियम एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांचा. म्हणून त्यांनी माझ्या चार पानांचे वेगवेगळे अर्ज केले. एकात 'अ' समरी, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही असा अहवाल, कोर्टात पाठवली का, कोणत्या तारखेला, फिर्यादीला नोटीस गेली का. दुसऱ्यात मुद्देमालाची यादी आणि तो सध्या कुठं आहे. तिसऱ्यात सीए रिपोर्टसाठी, म्हणजे रासायनिक तपासणीसाठी नमुने कधी पाठवले आणि रिपोर्ट कधी आला. प्रत्येकावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.

पहिलं उत्तर आलं ते तपासाला बाधा येईल म्हणून माहिती नाकारणारं. मामांनी लगेच वीस रुपयांचा स्टॅम्प लावून अपील केलं. तपास चालू आहे एवढ्यावर माहिती अडवता येत नाही, अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं, या दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००७ च्या निकालाचा दाखला त्यात घातला. अपिलात कागद मिळाले. 'अ' समरी कधीच कोर्टात गेली होती. नोटीस वडिलांच्या नावानं निघाली होती, ते गेल्यानंतर. इतकी वर्षं ठाण्यात मला "तपास चालू आहे" हेच ऐकवत होते. मुद्देमालाच्या यादीत सातव्या ओळीत लिहिलं होतं, 'एक मनगटी घड्याळ, काच तडकलेली, चामडी पट्टा'. ते घड्याळ त्याला मीच दिलं होतं, आणि ते जपून ठेवलेलं आहे हे मला पहिल्यांदा कळलं.

कोर्टातला अर्ज मामा लिहीत नाहीत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३(८) खाली पुढील तपास मागता येतो आणि खुनाला मुदतीची आडकाठी नाही, एवढं सांगून त्यांनी मला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं पाठवलं. बायकांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. संशयिताचं नाव ते माहितीच्या अर्जात घालू देत नाहीत, कितीही आग्रह करा. माझ्या मते ते बरोबरच आहे.

उणिवा सांगायच्या तर बसायला एकच स्टूल, फोन उचलत नाहीत, आणि प्रिंटरची शाई मध्येच फिकट होते, म्हणून प्रत हातात घेतल्यावर तिथंच तपासा. अर्जाचे पन्नास रुपये घेतात, अपिलाचे शंभर. सोमवारी गर्दी असते. जाताना गु.र.नंबर, म्हणजे ठाण्यातला गुन्हा रजिस्टर नंबर, आणि वर्ष घेऊन जा. घरात नसेल तर पंचनाम्याच्या किंवा पोस्टमॉर्टेमच्या जुन्या प्रतीवर बघा, बहुतेक वेळा तिथं सापडतो.